डीझेल-विद्युत प्रचालन (मालवाहू जहाजांचे)

जहाजाचा प्रोपेलर डीझेल एंजिनाला थेट न जोडता एंजिनाने जनित्र फिरवायचे, त्या विजेवर मोटर चालवायची आणि मोटरीने प्रोपेलर फिरवायचा, अशी ही पद्धत आहे. समुद्र नसलेल्या सातारा-सांगलीकडच्या लोकांना तिचे तत्त्व आगगाडीमुळे परिचित आहे. पुणे-मिरज मार्गावर आदर्कीचा चढ वर्षानुवर्षे ओढणाऱ्या डीझेल एंजिनांची चाके विजेच्या मोटरीच फिरवीत. हे साम्य मात्र अर्धेच खरे आहे. गाडीला जागेवरून हलतानाच सर्वाधिक ओढ लागते आणि नेमकी तीच डीझेल एंजिनाला मंद फेऱ्यांवर देता येत नाही. याउलट पाण्यातल्या प्रोपेलरवरचा भार फेऱ्यांबरोबर वाढत जातो, त्यामुळे तो थेट जोडला तरी अडत नाही.

मग जहाजात वीज आली कशी? सुरुवातीची डीझेल एंजिने उलटी फिरत नसत. म्हणून १९०३ साली नोबेल बंधूंच्या कंपनीने रशियातल्या नदीमार्गांसाठी बांधलेल्या ‘वांदाल’ या तेलवाहू जहाजात प्रत्येकी १२० अश्वशक्तीची तीन एंजिने जनित्रांना जोडली, आणि जहाज मागे घेण्याचे काम मोटरींवर सोपवले. थोड्याच वर्षांत उलटी फिरणारी एंजिने आली व ही गरज सरली.

आजची मोठी मालवाहू जहाजे आठवडेच्या आठवडे एकाच वेगाने जातात. त्यांची मिनिटाला शंभराच्या आसपास फेरे घेणारी टू-स्ट्रोक एंजिने इंधनातील सुमारे निम्मी ऊर्जा कामी आणतात. मध्ये वीज घातली, तर जनित्र, नियंत्रक आणि मोटर मिळून त्यातला आठ-दहा टक्के वाटा खातात, आणि एवढा तोटा भरून निघेल असा लाभ अशा जहाजात सहसा नसतो. भार सतत बदलणाऱ्या बर्फफोड्या जहाजांत तो असतो. द्रवरूप नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांवर वाहून नेणाऱ्या जहाजांतही तो दिसला : टाक्यांतून उडणारा वायू जाळणारी एंजिने, त्यांवर जनित्रे, आणि त्याच विजेवर बंदरात माल उपसणारे पंप, अशी रचना २००६ पासून तेथे रुळली. पुढे टू-स्ट्रोक एंजिनेही वायूवर चालू लागली, तेव्हा नव्या जहाजांचा कल पुन्हा थेट जोडणीकडे वळला.

तासगावची द्राक्षे न्हावा-शेवा बंदरातून युरोपला नेणाऱ्या कंटेनर जहाजांतही सामान्यतः थेट जोडणीच असते. शीतकंटेनरांना लागणारी वीज वेगळे जनित्रसंच पुरवतात. काही जहाजांत तर मुख्य शाफ्टवरच जनित्र बसवतात, म्हणजे प्रोपेलर फिरवता फिरवता तेच एंजिन वीजही देते.