आरए फॅक्टर पॉझिटिव्ह म्हणजे आरए झाला असं नाही हो

मी लॅबमध्ये काम करते. रिपोर्ट हातात पडला की लोक आधी पॉझिटिव्ह हा शब्द शोधतात, आणि आरए फॅक्टर या रक्ताच्या टेस्टपुढे तो दिसला की आरए, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस (आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर उठते तो संधिवात) झाला समजून तिथंच रडायला लागतात. गुडघे झिजलेल्या सत्तरीच्या आजींना असं हादरलेलं बघून फार वाईट वाटतं.

ईएसआर-सीआरपी या रक्ताच्या टेस्ट सगळ्यांना माहीत असतात, सूज किती आहे ते सांगतात, कशामुळे आहे ते नाही, बस. घोळ होतो तो आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या दोघांत, आणि सगळा दोष त्या नावाचा. नावातच आरए म्हटल्यावर माणूस दुसरं काय समजणार?

आरए फॅक्टर म्हणजे आपल्याच दुसऱ्या अँटीबॉडीच्या शेपटीला चिकटणारी अँटीबॉडी. प्रतिकारशक्ती बरेच दिवस कशाशीही झुंजत असली, म्हणजे टीबी, हिपॅटायटिस सी, हृदयाच्या झडपेचं इन्फेक्शन, की ती वाढू शकते. शोग्रेनमध्ये (डोळे-तोंड कोरडं पाडणारा आजार) तर बऱ्याचदा दिसते, आणि वय झालं की काहीही आजार नसलेल्यांमध्येही. अँटी-सीसीपीचा नेम वेगळा. सुजेच्या जागी काही प्रोटीनमधल्या आर्जिनिन या घटकाचं रूप बदलून सिट्रुलिन होतं, आणि ही त्या बदललेल्या प्रोटीनवरच उठते. म्हणून आरए नसलेल्या १०० जणांत आरए फॅक्टर साधारण १५ जणांचा पॉझिटिव्ह येतो आणि सीसीपी साधारण पाचेक जणांचीच. टीबीत तीही कधीकधी फसवते, पण मला विचाराल तर एकच करायची असेल तर सीसीपी करा.

पण निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असंही नाही. आरए असलेल्या १०० पैकी ७०च्या आसपास लोकांतच या टेस्ट पॉझिटिव्ह येतात, दोन्ही जवळपास तेवढ्याच. बोटांचे छोटे सांधे सुजलेत, सकाळी तासभर मूठ वळत नाही, तर निगेटिव्ह रिपोर्ट घेऊनही संधिवाताच्या डॉक्टरांकडे जाच. आरए ओळखायच्या २०१० च्या निकषांत १० पैकी ६ गुण झाले की आरए धरतात, त्यात या अँटीबॉडींना जास्तीत जास्त ३ आहेत, सगळ्यात जास्त गुण, ५ पर्यंत, सांध्यांनाच.

आणि प्लीज, निदान झाल्यावर दर तीन महिन्यांनी आरए फॅक्टर काढून 'कमी झाला का' बघत बसू नका. औषध लागू पडतंय का ते सुजलेले सांधे आणि ईएसआर-सीआरपी सांगतात.