दहा टॉवेल, एक काटा आणि चारशे ग्रॅमचा दावा

सोलापुरात टॉवेलचा व्यवहार वजनावर चालतो. ‘चारशे ग्रॅमचा नग’ म्हटलं की देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही माल कसा असेल ते कळतं. संख्याशास्त्राचा सराव सुरू करायला मला याहून चांगलं साहित्य सुचत नाही. पुस्तकातल्या गणितात आकडे आयते मिळतात. इथे ते काट्यावरून स्वतः उतरवून घ्यावे लागतात, आणि या विषयातलं निम्मं शहाणपण त्या उतरवून घेण्यातच आहे.

समजा, एका गठ्ठ्यातून दहा टॉवेल काढले आणि वजनं अशी आली: ३९६, ४०२, ३९१, ४०५, ३९४, ३८८, ३९९, ४०१, ३९२, ३९७. सरासरी ३९६.५ ग्रॅम. दाव्यापेक्षा साडेतीन ग्रॅम कमी. मग माल खरंच हलका आहे, की या दहांत योगायोगाने हलके नग जास्त आले?

हे गणित एकदा तरी कागदावर करावं. प्रत्येक वजन सरासरीपासून किती दूर आहे ते काढून त्याचा वर्ग करायचा. वर्गांची बेरीज २५८.५ येते. तिला नऊने, म्हणजे नगांपेक्षा एक कमीने, भागून वर्गमूळ घेतलं की प्रमाण विचलन, म्हणजे नगानगांतला साधारण चढउतार मिळतो, ५.३६ ग्रॅम. त्याला दहाच्या वर्गमुळाने भागलं की सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे दहा-दहा नगांची सरासरी साधारण किती इकडेतिकडे होईल तो आकडा, सुमारे १.७०. साडेतीन ग्रॅमचा फरक या त्रुटीच्या २.०६ पट आहे.

खरा दावा चुकून फेटाळला जाण्याची शक्यता पाच टक्क्यांवर ठेवायची, तर मोठ्या नमुन्यांसाठी या पटीची मर्यादा १.९६ असते; हीच पाच टक्के पातळी. २.०६ तिच्या पुढे जातं, म्हणजे माल हलका ठरला. पण आपल्याकडे नग दहाच आहेत, आणि ५.३६ हा आकडाही त्याच दहांवरून काढलेला आहे. तोही थोडा डळमळीतच. डब्लिनच्या गिनेस मद्य कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम सीली गॉसेट यांना हीच अडचण होती. त्यांना थोड्याशा निरीक्षणांवरून निर्णय घ्यावे लागत. १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्यांनी जो शोधनिबंध छापला, त्यातून आजची टी-चाचणी उभी राहिली. दहा निरीक्षणांसाठी टी-कोष्टकातली मर्यादा २.२६ आहे. आपलं २.०६ तिच्या आत राहतं. पी-व्हॅल्यू साधारण ०.०७. दावा फेटाळता येत नाही.

इथे दोन गोष्टींशी थांबायला हवं. पहिली म्हणजे, ०.०७ याचा अर्थ ‘माल चारशेचा असण्याची शक्यता सात टक्के’ असा होत नाही. गठ्ठ्याची खरी सरासरी चारशे असती, तर दहा नगांत एवढा किंवा याहून मोठा फरक, वर किंवा खाली, निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता सात टक्के, एवढंच ते सांगतं. दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. ‘कमी भरतंय का’ एवढंच विचारायचं ठरलं असतं, तर एका बाजूची चाचणी लागली असती. तिची मर्यादा १.८३, आणि मग याच दहा नगांवर दावा फेटाळला गेला असता! म्हणून प्रश्नाची दिशा काट्याला हात लावण्याआधी वहीत लिहून ठेवायची. आकडे पाहून सोयीची बाजू निवडली, तर पाच टक्क्यांची हमी उरत नाही.

माझं मत विचाराल तर मी चाचणीच्या आधी ९५ टक्के विश्वास अंतराल, म्हणजे खरी सरासरी जिथे असू शकते तो पट्टा, लिहायला सांगेन. २.२६ गुणिले १.७० म्हणजे सुमारे ३.८. सरासरीच्या दोन्ही बाजूंना एवढं अंतर घेतलं की ३९२.७ ते ४००.३ असा पट्टा मिळतो. चारशे त्याच्या अगदी काठावर बसतंय, हे ‘फेटाळता येत नाही’ या तीन शब्दांत दिसलंच नसतं. माल ३९३ चा असू शकतो आणि चारशेचाही. खरेदी करणाऱ्याला याचा उपयोग आहे. पट्टा निम्म्यावर आणायचा तर ढोबळमानाने चौपट, म्हणजे चाळीस नग तोलावे लागतील. आणि ९५ टक्के कशाचे? वर्गातल्या शंभर जणांनी त्याच मालातून दहा-दहा नग उचलून आपापला पट्टा काढला, तर साधारण ९५ जणांच्या पट्ट्यात खरी सरासरी सापडेल. भरवसा पद्धतीचा आहे, एखाद्या सुट्या पट्ट्याचा नाही.

आता ज्याच्याकडे सूत्र बघतच नाही, त्याकडे वळू. सूत हवेतला ओलावा धरतं. कापसाच्या व्यवहारात कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा प्रमाण मानला जातो. त्या हिशेबाने चारशे ग्रॅमच्या टॉवेलमध्ये सुमारे ३१ ग्रॅम पाणीच आहे. मे महिन्यातल्या सोलापूरच्या कोरड्या हवेत हा ओलावा दोन टक्क्यांनी जरी उतरला, तरी नग सात ग्रॅमने हलका होईल. आपण ज्या फरकावर वाद घालत होतो, त्याच्या दुप्पट! चाळीस सोडा, चारशे टॉवेल तोलले तरी ही चूक हटत नाही. उलट पट्टा अरुंद होऊन चुकीच्या जागी घट्ट बसतो.

साताऱ्याकडच्या बुध गावचे, १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात नेमकं हेच पिकांच्या बाबतीत दाखवलं. उत्पादनाच्या अंदाजासाठी शेतात कापणीचा लहान तुकडा आखला की हद्दीवरची ताटं आत धरली जाण्याकडे कल होतो. लहान तुकड्यात क्षेत्राच्या मानाने हद्द जास्त, त्यामुळे उत्पादन फुगलेलं दिसतं. असे तुकडे कितीही वाढवले तरी फुगवटा तेवढाच राहतो. आजही पीक कापणी प्रयोगात पीक कुठे चांगलं दिसतंय ते पाहून जागा निवडत नाहीत. यादृच्छिक आकड्यांवरून ठरवतात. टॉवेल निवडतानाही गठ्ठ्याच्या वरचे दहा उचलू नयेत. नगांना क्रमांक द्या आणि चिठ्ठ्या टाका.

सहसंबंधाचा, म्हणजे दोन गोष्टी किती बरोबरीने वाढतात ते मोजण्याचा सराव हुरड्याच्या दिवसांत ज्वारीवर करावा. कणसाची लांबी सेंटिमीटरमध्ये आणि त्यातल्या दाण्यांचं वजन ग्रॅममध्ये, एवढ्या दोन नोंदी पुरतात. सहसंबंध गुणक उणे एक ते एक यांत असतो; शून्य म्हणजे सरळ रेषेतला संबंध नाही. दहा कणसांवर तो ०.६ आला तर हुरळून जाऊ नये. दहा जोड्यांसाठी पाच टक्के पातळीवरची मर्यादा ०.६३ आहे, आणि या ०.६ चा विश्वास अंतराल उणे ०.०५ पासून ०.८९ पर्यंत पसरतो. म्हणजे जवळजवळ काहीही शक्य आहे.

त्याहून मोठा धोका रान मिसळण्याचा. काही कणसं मंगळवेढ्याच्या भारी काळ्या रानातली घेतली आणि काही मुरमाड माळावरची, तर एकीकडे लांब आणि भरलेली, दुसरीकडे आखूड आणि हलकी असे दोन पुंजके पडू शकतात. प्रत्येक रानात लांबी आणि वजन यांचा संबंध जेमतेम असला, तरी दोन्ही एकत्र केल्यावर गुणक ०.९ च्या घरात जाऊ शकतो. तो संबंध जमिनीचा आहे, कणसाच्या लांबीचा नाही. उलटही घडतं. फक्त थोराड कणसं निवडली की लांबीत फरकच उरत नाही, आणि खरा संबंधही मावळल्यासारखा दिसतो.

हे गुणकाच्या आकड्यावरून कधीच कळणार नाही. त्यासाठी आलेखाचा कागद घ्या, काळ्या रानाची कणसं एका रंगाने आणि माळाची दुसऱ्या रंगाने मांडा, आणि गुणक दोन्ही रानांसाठी वेगवेगळा काढा.