सहा मिलिग्रॅम, दहा दिवस

एप्रिल २०२१. घरातलं माणूस ऑक्सिजनवर असलेले महाराष्ट्रातले कितीतरी लोक रेमडेसिविर या विषाणूविरोधी इंजेक्शनसाठी वणवण फिरत होते. औषधांच्या दुकानांपुढे रात्र-रात्र रांगा होत्या, व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबर फिरत होते. त्याच वेळी वॉर्डात रोज दिल्या जाणाऱ्या एका जुन्या, अगदी स्वस्त औषधाचं नावही नातेवाइकांना ठाऊक नव्हतं. गंभीर कोविडमध्ये मृत्यू कमी करतं असा भक्कम पुरावा सर्वांत आधी मिळाला तो याच डेक्सामेथासोनबद्दल. त्याची गोष्ट मात्र कोविडच्या सत्तर वर्षं आधी सुरू होते.

१९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन दिलं आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच यांना नोबेल मिळालं, ते केंडल आणि राइशस्टाइन यांच्यासोबत. १९५७ च्या सुमारास त्याच स्टिरॉइड घराण्यातलं, पण कितीतरी पट प्रभावी डेक्सामेथासोन तयार झालं. स्टिरॉइड जंतूला मारत नाही, शरीराचा दाह शमवतं. पुढचा सगळा वाद या एका गुणधर्माभोवती फिरला.

१९६७ मध्ये डेन्व्हरच्या डॉक्टरांनी बारा रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. कुणाला अपघात, कुणाला न्यूमोनिया, आजाराचं मूळ निरनिराळं. फुप्फुसं मात्र सगळ्यांची सारखीच ताठर झालेली आणि ऑक्सिजन देऊनही पुरत नव्हता. याच अवस्थेला पुढे एआरडीएस, म्हणजे तीव्र श्वसनविकार, म्हणू लागले. विषाणूच्या न्यूमोनियात स्टिरॉइडचा कदाचित उपयोग होईल, असं त्या लेखात तेव्हाच नोंदवलं होतं. पण ‘कदाचित’चं उत्तर मिळायला अर्धशतक लागलं.

मध्ये २००३ ची सार्सची साथ येऊन गेली. हाँगकाँग आणि चीनमध्ये अनेक रुग्णांना स्टिरॉइडचे मोठे डोस दिले गेले. जीव किती वाचले हे स्पष्ट झालं नाही, पण खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते झिजल्याच्या तक्रारी पुढची कित्येक वर्षं येत राहिल्या. त्यामुळे जानेवारी २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, की संशोधनासाठीच्या चाचणीबाहेर सरसकट स्टिरॉइड देऊ नका. तेव्हाची माहिती पाहता मला तो सल्ला योग्यच वाटतो.

कोविडचा विषाणू पेशींवरच्या एसीई-२ या रिसेप्टरला चिकटून आत शिरतो. पहिल्या आठवड्यात ताप, खोकला, अंगदुखी. बहुतेकांचं एवढ्यावरच भागतं. काहींची तब्येत मात्र दुसऱ्या आठवड्यात अचानक ढासळते. विषाणू ओसरत असतो, पण प्रतिकारशक्ती थांबत नाही. इंटरल्युकिन-६ सारखे संदेशवाहक रेणू वाढतात, वायुकोशांत पाणी आणि पेशींचा कचरा साचतो, फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. माणूस बोलत बसलेला असतो आणि ऑक्सिमीटरवर आकडा ८५ दिसतो. एकाच आजाराचे हे दोन टप्पे आहेत आणि त्यांना लागणारी औषधंही वेगळी. विषाणूविरोधी औषधाचा उपयोग सुरुवातीला, दाह शमवणाऱ्याचा नंतर.

ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने हे आकड्यांत दाखवलं. ऑक्सफर्डचे पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे तिचे प्रमुख होते. चिठ्ठी टाकावी तशी निवड करून २१०४ रुग्णांना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन जास्तीत जास्त दहा दिवस दिलं आणि ४३२१ जणांना फक्त नेहमीचे उपचार. १६ जून २०२० रोजी निष्कर्ष जाहीर झाले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले होते, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना फायदा झाला नाही; उलट त्यांच्यात औषध घेतलेल्यांचे मृत्यू १७.८ टक्के होते आणि न घेतलेल्यांचे १४. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. तरी माझ्या मते त्या तक्त्यातली सर्वांत मोलाची ओळ हीच होती, आणि आपल्याकडे तीच वाचली गेली नाही.

त्याच महिन्याच्या अखेरीस भारताच्या उपचारपद्धतीत डेक्सामेथासोन आलं. रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं, पोटावर झोपवणं, निवडक रुग्णांना इंटरल्युकिन-६ ला रोखणारं टोसिलिझुमॅब हेही रुळलं. कोविडमधून बरे झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा देऊन फायदा होत नाही हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ३९ रुग्णालयांतल्या चाचणीत २०२० मध्येच दिसलं होतं. तो उपचारांच्या यादीतून निघायला मे २०२१ उजाडला. रेमडेसिविरने मृत्यू कमी होत असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत ऑक्टोबर २०२० मध्ये आढळलं नव्हतं. तरीही रांगा लागल्या.

दुसऱ्या लाटेत स्टिरॉइड घरोघरी पोचलं, तेही चुकीच्या दिवशी. सॅच्युरेशन ९७ असताना, तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कधी जुन्या चिठ्ठीवरून गोळ्या सुरू झाल्या. स्टिरॉइडने साखर चढते. आधीच मधुमेह असलेल्यांत ती बेफाम चढली आणि म्युकर या बुरशीला वाट मिळाली. देशात म्युकरचे ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, त्यात महाराष्ट्र आणि गुजरात पुढे होते. कित्येकांचा जबडा काढावा लागला, कित्येकांचा डोळा. आणि त्याच वर्षी मुंबईतल्या डॉक्टरांपुढे कोविडमधून उठलेले, खुब्याच्या दुखण्याने लंगडणारे तरुण रुग्ण येऊ लागले.