चिपवर वेळ बरोबर आली, पण टेस्ट न्याय्य झाली का?

अग्निवीर भरतीच्या ग्राउंडवरून पोरं परत आली की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात, एक म्हणजे टायमिंग चुकीचं लावलं आणि दुसरी म्हणजे आमच्यावर अन्याय झाला, आणि बोलता बोलता दोन्हीची खिचडी होते. पण मोजमाप अचूक असणं वेगळं आणि टेस्ट न्याय्य असणं वेगळं. यातलं नेमकं काय बिघडलं हे सांगता आलं नाही तर समोरचा "घड्याळ बरोबर होतं" एवढं बोलून मोकळा होतो, आणि गंमत म्हणजे तो खोटं बोलत नसतो.

आधी आकडे बघा. जीडीच्या (जनरल ड्युटी, म्हणजे साध्या सैनिकाच्या भरतीतल्या) पोरांना १.६ किमी पळायचं असतं, ५ मिनिटं ३० सेकंदांच्या आत आलात तर ६० मार्क, ५:३१ ते ५:४५ मध्ये आलात तर ४८. आधी ५:४५ नंतर सरळ घरी पाठवायचे, २०२५ पासून अजून दोन ग्रुप आले, ६:०० पर्यंत ३६ आणि ६:१५ पर्यंत २४ मार्क. बीमला (दांड्याला लोंबकळून हनुवटी वर नेण्याला) दहा मारले तर ४०, नऊला ३३, आणि खाली सहापर्यंत १६. नऊ फुटी खड्ड्यावरून उडी आणि झिगझॅग बॅलन्स (नागमोडी दांड्यावरून तोल सांभाळत चालणं) यात फक्त पास व्हायचं. म्हणजे एका सेकंदाची किंमत १२ मार्क आणि दहाव्या बीमची किंमत ७ मार्क. एवढ्या उंच पायऱ्या असल्या की छोटीशी गडबडसुद्धा पोराचं वर्ष खाते.

आता अचूकपणा म्हणजे काय, तर कागदावर जे लिहिलंय तेच प्रत्यक्षात घडलंय का एवढंच. ५:२८ लिहिलंय तर तो खरंच ५:२८ ला पळाला का, ग्राउंड खरंच १६०० मीटर आहे का, दहा बीम म्हणजे दहाही वेळा हनुवटी दांड्याच्या वर गेली का. हे सगळं टेपने, घड्याळाने, व्हिडिओने तपासता येतं. पोलीस भरतीत पायाला आरएफआयडी चिप (रेषा ओलांडली की आपोआप वेळ नोंदवणारी) बांधतात ती याच कामासाठी, माणसाच्या हातावर आणि नजरेवर भरवसा ठेवायला नको म्हणून.

पण अचूक नसलेली टेस्ट प्रत्येक वेळी अन्यायच करते असंही नाही. समजा ग्राउंड आखताना चूक झाली आणि १६०० ऐवजी १६२० मीटर झालं. सगळे तेवढंच पळाले, त्यामुळे पहिला पहिलाच राहिला आणि पन्नासावा पन्नासावाच. नुसता नंबर लावायचा असता तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. पण इथे ५:३० ची रेघ मारलेली आहे ना, मग ते जादाचे २० मीटर पळायला चारेक सेकंद लागतात आणि जो पोरगा ५:२७ ला आला असता तो ५:३१ ला येतो आणि त्याचे १२ मार्क जातात. चूक सगळ्यांसाठी सारखी, फटका मात्र रेघेजवळच्या पोरांनाच. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

उलटं पण होतं, आणि मला वाटतं आपल्याकडे जास्त वेळा हेच होतं. घड्याळ एकदम करेक्ट, ग्राउंड एकदम करेक्ट, तरी टेस्ट न्याय्य नाही. चारशे मीटरच्या ट्रॅकवर मोठी बॅच एकदम सोडली की आतली कड मोजक्याच पोरांना मिळते. बाकीची बाहेरून पळतात. ट्रॅकचं माप आतल्या कडेच्या जवळून धरलेलं असतं, म्हणून त्या रेषेपासून एक मीटर बाहेरून पळालं तर दर राउंडला सव्वासहा मीटर जास्त पडतात, चार राउंडला पंचवीस मीटर. साडेपाच मिनिटांच्या स्पीडने पंचवीस मीटरला पाच सेकंद लागतात. म्हणजे दोन पोरं अगदी सारख्या दमाची, एकाला कड मिळाली तो ५:२८, दुसरा गर्दीत बाहेर अडकला तो ५:३३, आणि घड्याळाने दोघांचीही वेळ खरीच सांगितली! वर मागच्या रांगेतल्या पोराला सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचायलाच काही सेकंद लागतात, आणि वेळ जर शिट्टीपासून धरली तर तेही त्याच्याच खात्यात जातात. पायातली चिप रेषा ओलांडल्यापासून मोजत असेल तर हा दुसरा प्रश्न सुटतो, पहिला नाही सुटत. गारव्यात पळालेली बॅच आणि ऊन चढल्यावर पळालेली बॅच यांचंही तेच.

म्हणून २०२३ पासून ऑनलाइन परीक्षा आधी आणि ग्राउंड नंतर झालं ते मला बरोबर वाटतं. पूर्वी आधी रॅली असायची आणि नुसता लोंढा यायचा, आता परीक्षा पास झालेलेच येतात, गर्दी कमी आणि बॅचही लहान ठेवता येते.

उंचीवरच्या भरतीचा नियम बघितला की हा फरक जास्त स्पष्ट होतो. ५००० ते ९००० फुटांवर टेस्ट असेल तर सगळ्या टायमिंगमध्ये ३० सेकंद वाढवून मिळतात, ९००० ते १२००० फुटांवर १२० सेकंद. वरवर वाटतं की हा काय प्रकार, डोंगरावर सूट आणि सपाटीवर नाही. पण विरळ हवेत तोच पोरगा तेवढाच जोर लावून हळू पळतो, त्यामुळे आकडा बदलला म्हणूनच टेस्ट सारखी राहिली. सैनिकांच्या मुलांना उंचीत २ सेंटीमीटर सूट असते ती मात्र या प्रकारची नाही. तिथे मोजणीतला कुठलाच दोष भरून काढायचा नसतो, ती सरळसरळ सवलत आहे, फौजी घराण्याला दिलेला मान. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात तिचं मोल कळतं आणि माझा तिला विरोध नाही, पण तिला सवलतच म्हणावं, दुरुस्ती म्हणू नये.

आणि मग अमेरिकन आर्मीचं प्रकरण, जे या वादातलं सगळ्यात बोलकं उदाहरण आहे. त्यांची जुनी टेस्ट १९८० च्या आसपासची, पुशअप, सिटअप आणि दोन मैल पळणं, वय आणि स्त्री-पुरुष बघून मार्क. मग त्यांनी सहा प्रकारांची एसीएफटी (आर्मी कॉम्बॅट फिटनेस टेस्ट) आणली, लढाईत वय आणि लिंग कोण बघतंय म्हणून सगळ्यांना एकच मोजपट्टी. त्यात लेग टक नावाचा प्रकार होता, दांड्याला लोंबकळून गुडघे वर कोपराला लावायचे, पोटाची आणि कंबरेची ताकद बघायला. पण ज्याचे हात आणि पकड कमजोर त्याला एकही जमत नाही, मग त्याचं पोट कितीही मजबूत असो. मोजणी अगदी अचूक, शून्य म्हणजे शून्य, फक्त मोजलं जे गेलं ते वेगळंच होतं. बऱ्याच बायका तिथेच अडकल्या. २०२२ मध्ये लेग टक काढून प्लँक (कोपरांवर आणि पंजांवर अंग ताठ धरून राहणं) आणला आणि मार्क परत वय आणि लिंगाप्रमाणे झाले. जून २०२५ पासून टेस्ट पुन्हा बदलली, पाच प्रकार ठेवले, आणि लढाईच्या २१ प्रकारच्या कामांसाठी बायका-पुरुषांना एकच पट्टी लावली, बाकीच्यांना वेगवेगळी.

मला हे शेवटचं वळण पटतं, कारण त्यात दोन प्रश्न वेगळे केलेत. जखमी जोडीदाराला ओढून न्यायचंच असेल तर ओढणारा कोण हे बघून त्या जोडीदाराचं वजन कमी होत नाही, तिथे एकच पट्टी न्याय्य. पण ऑफिसात काम करणारी हवालदार तिच्या वयाच्या मानाने तंदुरुस्त आहे का हे बघायचं असेल तर तिला विशीतल्या पोराच्या पट्टीवर बसवणं चूक. आपल्याकडे मिलिटरी पोलीसच्या मुलींना १.६ किमीला पूर्ण मार्कांसाठी ७:३० देतात, त्यावर पोरं कुरकुर करतात, पण त्या मुली पोरांच्या मेरिटमध्ये नसतातच, त्यांची स्पर्धा मुलींशीच.

बीमबद्दल एक राहिलं. तिथे अचूकपणा आणि न्याय दोन्ही एकाच माणसाच्या नजरेवर टांगलेले असतात, एक मोजणारा पोराचा हात पूर्ण सरळ झाल्याशिवाय बीम धरत नाही, शेजारच्या दांड्यावरचा अर्ध्यावर पण धरतो. दोघांनी आपापल्या दांड्यावर सगळ्यांना एकच नियम लावला तरी दोन दांड्यांवरची पोरं एकाच मेरिटमध्ये जातात. यावर उपाय स्वस्त आहे, प्रत्येक दांड्यावर कॅमेरा आणि पोरगा खाली उतरायच्या आत आकडा मोठ्याने सांगणं. आणि पळण्यासाठी लहान बॅच, प्रत्येकाला स्वतःची चिप. तोपर्यंत तयारी करणाऱ्यांनी ५:२८ वर समाधान मानू नका, गर्दीचे पाच सेकंद आणि मागच्या रांगेचे दोन-तीन धरून प्रॅक्टिसला ५:२० च्या आत या, आणि बीम सगळ्यात कडक मोजणाऱ्यासमोर मारतोय असं समजून हात पूर्ण सरळ करूनच मारा.