मार्गशीर्षात पाणी पालटतं म्हणजे नेमकं काय होतं?

परवा आमच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत फिरत आला. कुठलंसं तळं, काठाला पांढरी पोटं वर करून पडलेले मासे, आणि खाली मजकूर की कोयना पट्ट्यात मासे मरायला लागलेत, मोठ्या भूकंपाची चाहूल आहे, सगळ्यांना पाठवा. तारीख नाही, गावाचं नाव नाही. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप आमच्याकडं अजून घराघरात सांगितला जातो, त्यामुळं असलं काही आलं की माणसं घाबरतात, त्यांना हसण्यात अर्थ नाही. पण तळ्यात असे ढिगानं मासे मरतात त्याचं कारण बहुतेक वेळा जमिनीखाली नसतं, पाण्यातच असतं. आणि हे मला कुठल्या पुस्तकाआधी कण्हेर धरणावर मासे धरणाऱ्या एका आबांनी सांगितलं.

एप्रिल महिना, फायबरची दोन माणसांची होडी, एक वल्हं आणि पायाशी नायलॉनच्या जाळ्याचा ढीग. हे जाळं पाण्यात पडद्यासारखं उभं राहतं, वर थर्माकोलचे तुकडे आणि खाली शिसं. मासा डोकं घालतो, अंग जात नाही, मागं यायला बघतो तर कल्ल्यात दोरा अडकतो. मी म्हटलं आबा, एवढं खोल पाणी आहे तर जाळं अजून खाली सोडा की, मोठा कटला तरी मिळंल. तर म्हणाले, "सर, तीन-चार परसाच्या (परस म्हणजे पुरुषभर खोली) खाली उन्हाळ्यात मासा न्हाय. सोडलं तर जाळं मोकळं येतंय, वर वास मारतंय. मार्गशीर्षात पाणी पालटलं की मग खाली सोडायचं."

पाणी पालटलं की! मला ते इतकं आवडलं की पुढच्या रविवारी मी काचेची बाटली, बूच, दगड, लांब दोरी आणि थर्मामीटर घेऊनच गेलो. बूच लावलेली बाटली 10 मीटर खाली सोडायची, बुचाला बांधलेल्या दुसऱ्या दोरीला हिसका द्यायचा, बाटली भरली की भराभर वर ओढायची. वरचं पाणी 30 अंश, खालचं 25. आणि खालच्याला सडक्या अंड्याचा हलका वास. आबा बघत होते, म्हणाले हे आम्ही फुकट सांगितलं होतं.

आता 5 अंशांचा फरक म्हणजे काय मोठा, असं वाटेल. इथंच खरी गंमत आहे. दहावीला पाण्याचं असंगत आचरण आणि होपचं उपकरण शिकवतात, तेवढं आठवा, 4 अंशाला पाणी सगळ्यात जड. पण पुढचं कोणी सांगत नाही, की 4 च्या वर पाणी हलकं होतं ते एकसारख्या वेगानं नाही, जितकं गरम तितकं प्रत्येक अंशाला जास्त हलकं होत जातं. 5 अंशाचं पाणी 10 अंशावर नेलं तर एका घनमीटरमागं जेमतेम पावकिलोचा फरक पडतो. तेच 25 चं 30 वर नेलं तर 1.4 किलोचा. म्हणजे तेच 5 अंश, पण फरक पाचपट! त्यामुळं थंड देशातल्या तळ्यापेक्षा आपल्या धरणात गरम पाणी थंड पाण्यावर कितीतरी घट्ट बसतं, दुधावर साय बसावी तसं. खालचं एक घनमीटर पाणी 10 मीटर वर आणायचं म्हणजे वरच्या पाण्यात ते 1.4 किलोनं जड, गुणिले 9.8, गुणिले 10, झाले 137 ज्यूल. एवढ्याशा आकड्यानं काही वाटणार नाही, पण धरणात असे कोट्यवधी घनमीटर आहेत आणि हे काम करायला आहे कोण तर फक्त वारा. तो वरचे काही मीटर ढवळतो आणि दमतो. मधे तापमान एकदम उतरतं त्या पट्ट्याला थर्मोक्लाइन म्हणतात, आणि त्याच्या खाली दुसरा मजला, दार बंद.

दार बंद म्हणजे ऑक्सिजन बंद. स्थिर पाण्यातनं ऑक्सिजन नुसता झिरपत 1 मीटर खाली जायचा म्हटलं तर काही वर्षं लागतात, धरण श्वास घेतं ते ढवळल्यामुळंच. खाली पानं, शेवाळ, मेलेलं काय काय साठतं, जिवाणू ते कुजवतात आणि होता नव्हता तो ऑक्सिजन संपवतात. मग हायड्रोजन सल्फाइड, अमोनिया. मुळात माशाच्या वाट्याला येतंच किती? लिटरभर हवेत 280 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असतो, 30 अंशाच्या लिटरभर पाण्यात साडेसात. तो दोन-तीनवर आला की रोहू-कटल्याचा जीव कासावीस.

आणि पालटणं? हिवाळ्यात वारं कोरडं असतं, रात्री थंड, पाण्याचं बाष्पीभवन होतं आणि वरचं पाणी गार होतं, अगदी माठासारखं. 1 मिलिमीटर पाणी उडालं तर वरच्या 1 मीटर थराचं तापमान जवळजवळ 0.6 अंश उतरतं. रोज असं होत होत वरचं पाणी खालच्याइतकंच गार आणि जड झालं की दोन मजल्यांतला स्लॅबच गेला, मग साध्या वाऱ्यानं सगळं धरण तळापर्यंत फिरतं. युरोपातल्या गोठणाऱ्या तळ्यांत हे वर्षातून दोनदा होतं. आपल्याकडं पाणी 4 अंशापर्यंत उतरतच नाही, म्हणून खोल धरणात एकदाच, डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे मार्गशीर्ष-पौष. त्यात 1967 चा भूकंपही डिसेंबरातला, मग व्हॉट्सॲपवाल्यांना आणखी काय पाहिजे! (धरणाच्या पाण्यामुळं कोयनेला भूकंप होतात हे शास्त्रज्ञही मानतात, पण मेलेले मासे बघून भूकंप सांगणं हा वेगळाच धंदा.)

हळूहळू पालटलं तर मासा मरत नाही, उलट त्याला खालचा मजला मोकळा होतो. मरतो तो एकदम पालटलं तर. उथळ, शेवाळानं हिरवंगार झालेलं गावतळं, कडक एप्रिल, आणि संध्याकाळी जोरदार वळीव. वारं आणि गार पाणी खालचं सगळं घाण पाणी उपसून वर आणतात, त्यात दोन दिवस ढग राहिले तर शेवाळही ऑक्सिजन करत नाही, आणि पहाटे, जेव्हा ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो, मासे तोंडं वर काढायला लागतात.

मग साखर कारखान्याच्या मळीच्या पाण्यानं मरतात ते काय? सांगलीकडं कृष्णेत उन्हाळ्यात मासे मेले की हा वाद होतोच. मळीही बऱ्याचदा ऑक्सिजन खाऊनच मारते, फक्त तिथं दोष वळवाचा नसतो, पाणी सोडणाऱ्याचा असतो, तेव्हा माझा लेख दाखवून कोणी निसर्गावर ढकलू नये. ढोबळ खूण अशी की ऑक्सिजन कमी पडला तर आधी मोठे मासे जातात आणि मरळ टिकते, कारण ती वर येऊन थेट हवा घेते. मरळीसकट लहानमोठं सगळंच उलटं पडलं असेल तर पाण्यात विष आहे का ते तपासायला लावा.

हल्ली होडीला लावायचं फिश फाइंडर मिळतं, आवाज सोडून माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरनं परत आलेला पकडतं. यंत्र खरंच चांगलं आहे, पण जाहिरातीत दाखवतात तसे मासे काही त्यानं होडीत येत नाहीत. आबांना मोबाईलवर दाखवलं तर म्हणाले, ते राहू द्या, तुमची ती दोरी तेवढी ठेवून जा, जाळ्याला कमी पडतीय. ठेवून आलो. आता डिसेंबरात बाटली सोडायला मलाच नवीन दोरी घ्यावी लागणार.