उडी मारणारे कोळी व त्यांचे निकट छायाचित्रण (नागपूर परिसर)

संधिपाद संघाच्या अष्टपाद वर्गातील सॅल्टिसिडी कुलातले कोळी. ज्ञात जाती ६,००० हून अधिक असून कोळ्यांमध्ये हे सर्वांत मोठे कुल आहे. भक्ष्यासाठी ते जाळे विणत नाहीत. दबकत जवळ जाऊन झेप घेतात. झेपेआधी चिकटवलेला धागा त्यांना पडण्यापासून वाचवतो. नागपूरकडे आढळणाऱ्या बहुतेक जातींची लांबी ४ ते १२ मिमी. असते.

नागपुरात घराच्या भिंतीवर व कुंड्यांत हमखास दिसणाऱ्या जाती म्हणजे प्लेक्सिपस पेकुली, मेनेमेरस बायव्हिटॅटस आणि हसॅरियस ॲडन्सोनी. त्या मूळच्या कुठल्या, यावर एकमत नाही. पहिल्या व तिसऱ्या जातीचे वर्णन फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ओदुआँ यांनी १८२६ मध्ये ईजिप्तमधील नमुन्यांवरून केले. पण वर्णनाचे ठिकाण म्हणजे उगमस्थान नव्हे. तिन्ही जाती माणसाच्या वस्तीला धरून राहतात व मालवाहतुकीबरोबर उष्ण प्रदेशांत सर्वदूर पोहोचल्या आहेत, त्यामुळे आजच्या आढळावरून मूळ शोधणे अवघड आहे. प्लेक्सिपसच्या इतर जाती आशियात आढळतात, या आधारावर आशियाई मूळ सुचवले जाते. मात्र अलीकडच्या सूचींचा कल तिन्ही जाती आफ्रिकी मानण्याकडे आहे व मेनेमेरसबाबत तो अधिक सयुक्तिक वाटतो. कुलाच्या प्राचीनतेचा पुरावा बाल्टिक अंबरमधून, म्हणजे बाल्टिक किनाऱ्यावरील अश्मीभूत राळेतून, मिळतो (सु. ४ ते ५ कोटी वर्षांपूर्वीचा). त्यातील बहुतेक नमुने हिस्पोनिनी या आज मुख्यतः आफ्रिका व मादागास्करमध्ये उरलेल्या गटाजवळचे आहेत. नामकरणही स्थिर नाही : पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांसारखा दिसणारा कोळी दीर्घकाळ मर्मरॅक्नी प्लॅटॅलिऑइडिस म्हणून ओळखला जाई; २०१६ मध्ये कोळ्यांचे अभ्यासक प्रुशिन्स्की यांनी त्याला मर्मॅप्लाटा या प्रजातीत (जीनसमध्ये) हलवले.

डोळे आठ. पुढचे दोन मोठे डोळे लांबट नळीसारखे असून भिंग स्थिर असते, पण आतला दृष्टिपटल सहा स्नायूंनी हलतो. दृष्टिपटलाचे चार थर आहेत. एका थरावर स्पष्ट व दुसऱ्यावर धूसर पडणाऱ्या प्रतिमेच्या तुलनेतून हसॅरियस अंतर मोजतो, असे जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले. तांबड्या प्रकाशात त्याची उडी लक्ष्याच्या अलीकडेच पडते. उडीचा जोर मागच्या पायांत शरीरद्रव दाबाने ढकलून येतो, कारण पायाच्या दोन मुख्य सांध्यांना ताठ करणारे स्नायूच नसतात (पॅरी व ब्राउन, १९५९).

छायाचित्रणात डोळ्यांच्या या रचनेचा थेट उपयोग होतो. कोळी कॅमेऱ्याच्या भिंगाकडे पाहत असेल तर पुढचे डोळे काळेभोर दिसतात. नजर वळली की त्यांत तपकिरी वा हिरवट झाक येते. ते काळे होईपर्यंत थांबणे श्रेयस्कर.

९० ते १०५ मिमी.चे मॅक्रो (निकट छायाचित्रणाचे) भिंग १:१ आकारवर्धन देते, म्हणजे संवेदकावर प्रतिमा वस्तूइतकीच मोठी पडते. लहान जातींसाठी त्यावर ८ डायॉप्टर (भिंगशक्तीचे एकक) शक्तीचे जोडभिंग लावून २:१ च्या पुढे जाता येते. स्वस्त पर्याय म्हणजे उलटे लावलेले ५० मिमी.चे भिंग व एक्स्टेन्शन ट्यूब (भिंग व कॅमेरा यांमधली पोकळ नळी). २:१ आकारवर्धनाला एफ/११ (छिद्राचे माप; आकडा मोठा तितके छिद्र लहान) वर स्पष्टतेची खोली जेमतेम तिसरा हिस्सा मिमी. राहते. छिद्र आणखी लहान केल्यास विवर्तनाने (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) केस व खवले अस्पष्ट होतात, कारण या आकारवर्धनाला एफ/११ चे परिणामी छिद्र आधीच एफ/३३ इतके झालेले असते. म्हणून एफ/८ ते एफ/११, आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) २०० ते ४००, शटर १/१६० ते १/२०० सेकंद आणि फ्लॅश १/१६ ते १/८ शक्तीवर ठेवतात. फ्लॅशची झळक इतकी अल्पकाळ असते की हात हलला तरी चित्र गोठते. मात्र पूर्ण शक्तीवर ती लांबते आणि सेलही लवकर संपतात.

डिफ्यूझरवर (फ्लॅशचा प्रकाश पसरवणाऱ्या पडद्यावर) कंजुषी करू नये. बहिर्गोल डोळ्यांत उघडा फ्लॅश टोकदार पांढरा ठिपका उमटवतो. बटर पेपरचे दोन थर किंवा पातळ पांढरा फोम भिंगाच्या टोकापर्यंत पुढे आणून कोळ्यावर कमानीसारखा धरला की चमक पसरट होते.

स्वयंचलित फोकस बंद करावा, आकारवर्धन ठरवून घ्यावे व शरीर पुढे-मागे झुकवत डोळ्यांच्या कडेवर फोकस आणावा. वाऱ्याचा त्रास असल्यास डाव्या हाताने फांदी धरून भिंग त्याच हातावर टेकवावे. मग फांदी व भिंग एकत्र हलतात. भक्ष्य खात असलेला कोळी स्तब्ध असतो, तेव्हा ५ ते १५ चित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र जोडता येतात. कोळी भिंगावरच उडी मारतो, ही नेहमीची अडचण. अशा वेळी त्याला झटकू नये, वाळकी काडी पुढे करावी. कोळ्याला फ्रिजमध्ये थंड करून चित्र घेण्याची पद्धत निंद्य आहे आणि निरुपयोगीही, कारण पाय आखडलेले ओळखू येतात.

समोरून घेतलेला मोठ्या डोळ्यांचा चेहरा लोकप्रिय असला तरी जाती ओळखायला तो बहुधा अपुरा पडतो. वरून पाठ व उदर, बाजूने पाय आणि नर असल्यास स्पर्शपाद (तोंडाजवळची पायांसारखी लहान जोडी), अशी किमान तीन चित्रे हवीत. ज्या पानावर सापडला त्याची नोंदही ठेवावी.

हंगाम जुलै ते ऑक्टोबर. अंबाझरी परिसर व सेमिनरी हिल्सच्या झुडपांत सकाळी ७ ते १० ही वेळ उत्तम. काटोल-कळमेश्वरच्या संत्रा बागांत मृग बहाराच्या (पावसाळ्याच्या आरंभीच्या बहाराच्या) सुमारास नवती फुटते, तिच्यावरील रसशोषक किड्यांमागे कोळी येतात. फवारणीनंतर मात्र संख्या झपाट्याने घटते. मे महिन्यात पारा ४५° से. च्या आसपास असताना कोळी सालीखाली दडतात. पावसाळ्यात वातानुकूलित खोलीतून बाहेर आल्यावर भिंगावर वाफ धरते. कॅमेरा बंद पिशवीत १५ ते २० मिनिटे ठेवावा. पेंचसारख्या व्याघ्र प्रकल्पात सफारीच्या गाडीतून उतरता येत नसल्याने हे काम तिथे जमत नाही. पानाच्या घडीतील पांढरी पिशवी उघडू नये. आत बहुधा अंडी राखणारी मादी असते.