खांद्याच्या पात्याखालील बर्सायटिस : इंजेक्शन उपचार

खांद्याचे पाते (पाठीवरचे त्रिकोणी हाड) साधारण २ऱ्या ते ७व्या बरगडीवर टेकलेले असते आणि हात हलला की बरगड्यांवरून सरकते. मधल्या स्नायूंच्या थरांत बर्सा नावाच्या चपट्या पिशव्या असतात. त्यांतल्या किंचित द्रवामुळे घर्षण कमी होते. हात वारंवार डोक्यावर नेण्याचे काम, पोहणे, गोलंदाजी किंवा वाकून बसण्याची सवय यांमुळे त्या सुजतात; यालाच बर्सायटिस म्हणतात. मग पात्याच्या आतल्या कडेला, बहुधा वरच्या कोपऱ्याशी, ठणका लागतो. खांदा फिरवताना कधी कधी करकर आवाजही येतो.

विश्रांती, वेदनाशामक गोळ्या आणि फिजिओथेरपीने काही आठवड्यांत फरक पडला नाही, तर इंजेक्शनचा विचार होतो. त्यात लिडोकेनसारखे बधिरता आणणारे औषध आणि ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड एकत्र देतात. रुग्णाला पालथे झोपवून त्या बाजूचा हात पाठीमागे कमरेवर ठेवायला सांगतात. त्यामुळे पात्याची आतली कड छातीपासून उचलली जाते आणि सुईला वाट मिळते. सुई बरगड्यांना समांतर, पात्याच्या खाली सरकवायची असते. ती सरळ आत गेली तर फुप्फुसाला इजा होऊन छातीत हवा साठू शकते; यालाच न्यूमोथोरॅक्स म्हणतात. म्हणून सोनोग्राफीत सुईचे टोक पाहत इंजेक्शन देणे केव्हाही श्रेयस्कर. नंतर धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत कळ आली, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

पहिल्या काही मिनिटांतच दुखणे थांबले, तर त्याचे मूळ बर्सातच असल्याला बळकटी मिळते. न थांबल्यास मानेच्या मणक्यातून उतरणारी कळ, पात्याच्या आतल्या बाजूची हाडाची गाठ, उजवीकडे दुखत असेल तर पित्ताशयाचा विकार, अशी कारणे पुन्हा तपासावी लागतात. बधिरता काही तासांत ओसरते आणि स्टेरॉइडचा गुण यायला काही दिवस लागतात. या मधल्या काळात दुखणे वाढल्यासारखे वाटते. रुग्णाला हे आधीच सांगितलेले बरे. मधुमेहींची साखर काही दिवस चढी राहते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे. त्या जागी जंतुसंसर्ग असेल तर इंजेक्शन देत नाहीत.

इंजेक्शनने सूज उतरते, पण पाते चुकीचे सरकण्याची सवय जात नाही. दुखणे कमी असलेल्या आठवड्यांतच सेरेटस अँटीरियर आणि ट्रॅपेझियसचा खालचा भाग या पाते हलवणाऱ्या स्नायूंचे व्यायाम करून घ्यावे लागतात. ते टाळून सुईवरच भिस्त ठेवली, तर त्रास बहुधा परततो, आणि स्टेरॉइड वारंवार देणे ऊतींना मानवत नाही. दीर्घकाळ उपचार करूनही आराम नसलेल्या मोजक्या रुग्णांत दुर्बिणीद्वारे बर्सा काढून टाकतात.